इंधनाचे पीक आणि भाकरीचा हिशेब

कंपनीचा माणूस करारपत्र घेऊन ओसरीवर बसतो. टनाला काय भाव, बियाणे कोण देणार, खरेदीची हमी कशी, हे तो सविस्तर सांगतो. त्याचे बोलून झाले की घरातून प्रश्न सुरू होतात. कडबा किती निघंल? घरची ज्वारी कुठं पेरायची? पाणी किती लागंल? आणि पैसे कवा मिळतील?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतकरी इंधनासाठी पीक घेण्यास तयार आहे का, याचे उत्तर या चार प्रश्नांत आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ते नकाराचे बहाणे वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येक प्रश्नामागे घराचे आरोग्य उभे असते. कडबा म्हणजे दूध, ज्वारी म्हणजे भाकरी, पाणी म्हणजे जगणे आणि वेळेवर मिळालेले पैसे म्हणजे रात्रीची झोप.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण देशात २०१४ मध्ये दीड टक्क्याच्या आसपास होते. २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर पोहोचले. हे इथेनॉल ऊस, तांदूळ आणि मका यांपासून येते, म्हणजे शेवटी कोणाच्या तरी शेतातून येते. आता बांबू, पिकांचे अवशेष, गवत अशा कच्च्या मालाची चर्चा आहे. त्यामुळे करारपत्रे पुन्हा गावात येतील. ती येण्यापूर्वी नांदेडमध्ये झालेल्या एका प्रयोगाची आठवण ठेवायला हवी.

गोड ज्वारीचा प्रयोग

साधारण २००८ ते २०१० या काळात टाटा केमिकल्स या कंपनीने नांदेड जिल्ह्यात गोड ज्वारीपासून इथेनॉल तयार करण्याचा प्रकल्प उभारला. त्याची क्षमता दिवसाला ३० हजार लिटर होती. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेचा या पिकावरचा अभ्यास त्यामागे होता. त्याआधी २००७ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील मेदक जिल्ह्यात रुस्नी डिस्टिलरीजने याच पिकावर कारखाना सुरू केला होता. शेतकऱ्यांनी ज्वारी पेरायची आणि धाटे कारखान्याला द्यायची, असा हा व्यवहार होता.

कल्पना उत्तम होती. गोड ज्वारी ही आपल्या ज्वारीचीच बहीण. तिच्या धाटात उसासारखा गोड रस असतो. कणीस शेतकऱ्याला आणि धाट कारखान्याला, अशी वाटणी करता येते. पीक चार महिन्यांत निघते. महाराष्ट्राला ते नवे नव्हते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने या पिकावर अनेक वर्षे काम करून ‘मधुरा’ हा संकरित वाण काढला. त्याच्या रसाची काकवी केली, त्यापासून मद्यार्क काढला आणि निम्मे पाणी मिसळलेल्या मद्यार्कावर चालणारी स्वयंपाकाची शेगडीही तयार केली. चुलीच्या धुरात फुफ्फुसे काळवंडून घेणाऱ्या बायकांसाठी ही शेगडी मोठी सोय ठरू शकली असती. पण मद्यार्काभोवतीच्या अबकारी नियमांमुळे तो घरगुती इंधन म्हणून घरोघर पोहोचणे अवघड होते.

नांदेडचा प्रकल्पही फार काळ चालला नाही. मेदकच्या प्रयोगालाही टिकून राहता आले नाही. ‘शेतकरी तयार झाले नाहीत’ असे म्हणून हे प्रकरण मिटवणे सोपे आहे. खरे कारण समजून घेण्यासाठी आधी धाटाच्या आत पाहावे लागेल.

धाटातल्या साखरेची घाई

ज्वारीचे धाट कापले की त्यातील साखर टिकत नाही. कापलेल्या टोकांतून जिवाणू आत शिरतात, रस आंबू लागतो, साखरेचे विघटन होते. म्हणून दिवसा-दोन दिवसांत गाळप व्हायलाच हवे. खरिपाची सगळी ज्वारी साधारण एकाच वेळी पक्व होते. म्हणजे कारखान्याला महिना-दीड महिना माल मिळणार आणि उरलेले वर्ष यंत्रे दुसऱ्या कच्च्या मालाची वाट पाहणार.

शेतकऱ्याच्या बाजूनेही अडचण होती. ज्वारीची कापणी आणि सोयाबीनची काढणी एकाच सुमारास येते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नांदेड-लातूरच्या शिवारात मजूर मिळणे किती कठीण असते, हे सांगायला नको. कणसे खुडायची, पाला सोलायचा, धाटे कापायची, मोळ्या बांधायच्या आणि त्याच दिवशी गाडी भरायची. परतीच्या पावसात गाडी चिखलात अडकली की माल वाया.

आता पैशांचे गणित पाहू. एक टन धाटांपासून साधारण ४० ते ४५ लिटर इथेनॉल निघते. त्या काळात सरकारने इथेनॉलचा दर लिटरला २१ रुपये ५० पैसे ठरवला होता. २०१० मध्ये तो २७ रुपये झाला. वाढीव दर धरला तरी एका टनातून कारखान्याच्या हाती सुमारे १,१०० ते १,२०० रुपये येत. त्यातूनच धाटांची किंमत, वाहतूक, गाळप, इंधन, पगार आणि कर्जाचे व्याज भागवायचे. मग शेतकऱ्याला वाढवून देणार कुठून? इथेनॉल परवडत नाही, हे अर्थशास्त्राच्या अभ्यासातूनही पुढे आले. शेतकऱ्याने ते कागद-पेन्सिल न घेता ओळखले होते.

कडबा गेला तर दूधही जाते

धाट म्हणजे टाकाऊ माल, हे कारखान्याच्या बाजूने दिसणारे चित्र आहे. मराठवाड्यात ज्वारी अनेकदा दाण्याइतकीच कडब्यासाठी पेरली जाते. मोठ्या जनावराला दिवसाला पाच-सहा किलो कोरडा चारा लागतो. म्हणजे एका जनावराला वर्षाकाठी सुमारे दोन टन आणि बैलजोडीला चार टन. दुष्काळाच्या वर्षी तर कडब्याची गंजी ही घरातली शिल्लक असते.

धाटे कारखान्यात गेली की चारा विकत घ्यावा लागतो. तो परवडला नाही तर गाय किंवा म्हैस आधी विकली जाते. आहाराच्या दृष्टीने हा मोठा धक्का आहे. भाकरी आणि पातळ डाळीवर राहणाऱ्या घरात लहान मुलांना उत्तम प्रथिने, कॅल्शियम आणि बी-१२ जीवनसत्त्व मिळण्याचे रोजचे साधन म्हणजे दूध. शाकाहारी घरात तर बी-१२चा दुसरा स्रोत जवळपास नसतो. करारात धाटाची किंमत लिहिलेली असते, पण वाटीभर दुधाची नसते.

यावर उपाय होता. रस काढल्यावर उरणारे चिपाड जनावरे खातात. ते कुट्टी करून शेतकऱ्याला परत देता येते. गावाजवळच छोटे चरक बसवून रस आटवायचा आणि कारखान्याला फक्त काकवी पाठवायची, अशी पद्धतही इक्रिसॅटने मेदक जिल्ह्यात वापरून पाहिली. त्यामुळे वाहतूक वाचते, साखर आंबण्याची भीती जाते आणि चिपाड गावातच राहते. एक काळजी मात्र घ्यावी लागते. ज्वारी कापल्यावर बुडख्याला जे कोवळे फुटवे येतात, त्यांत सायनाइड तयार करणारे द्रव्य जास्त असते. उपाशी जनावर अशा शेतात मोकळे सुटले तर काही वेळात दगावू शकते.

ताटातली ज्वारी

दुसरा प्रश्न भाकरीचा. दोन्ही जिल्ह्यांत गेल्या दोन-तीन दशकांत खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आहे. सोयाबीन थेट बाजारात जाते आणि घरात पोत्याने येतो तो गहू-तांदूळ. ज्वारीच्या १०० ग्रॅम दाण्यांत साधारण १० ग्रॅम प्रथिने, १० ग्रॅम तंतू आणि ४ मिलिग्रॅम लोह असते. तंतूंमुळे जेवणानंतरची साखर हळू चढते. मधुमेह आता खेड्यातही घराघरांत पोहोचलेला असताना ही साधी गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या साथीने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हा लोह आणि जस्त जास्त असलेला ज्वारीचा वाण दिला, तो यासाठीच.

गोड ज्वारीचे दाणेही खाता येतात. या बाबतीत ती उसापेक्षा आणि बांबूपेक्षा उजवी आहे. पण खरिपातले कणीस भरताना पाऊस लागला की दाण्यावर बुरशी येते आणि ज्वारी काळी पडते. अशी ज्वारी धुऊन, वाळवून खाल्ली तरी विष जात नाही. १९९५च्या हंगामात दख्खनच्या पठारावरील काही खेड्यांत भिजून बुरसटलेली ज्वारी आणि मका खाल्ल्याने पोटदुखी आणि जुलाबाची साथ आली. त्या धान्यात फ्युमोनिसिन हे बुरशीचे विष सापडले. म्हणून इंधनासाठी घेतलेल्या पिकाचा दाणा भिजला तर तो भाकरीसाठी ठेवू नये, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे. कराराच्या वेळी घरच्या ज्वारीसाठी वेगळा तुकडा राखलेला असणे अधिक चांगले.

वाघिणीतले पाणी

लातूरकरांना पाण्याचा हिशेब शिकवण्याची गरज नाही. मांजरा धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली. पहिल्या फेरीत दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका फेरीत २५ लाख लिटर आणू लागली. त्याआधी मार्चमध्ये शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती.

मराठवाड्यात इंधनाचे सर्वांत मोठे पीक आजही ऊसच आहे, मग आपण त्याला इंधनाचे पीक म्हणोत वा न म्हणोत. २०१९ मध्ये औरंगाबादच्या विभागीय आयुक्तालयाने राज्य सरकारला पाठवलेल्या अहवालात मराठवाड्यात उसावर बंदी घालण्याची शिफारस केली होती. एक हेक्टर उसाला सुमारे दोन कोटी लिटर पाणी लागते, असा त्यातला हिशेब होता. म्हणजे पन्नास वाघिणींच्या आठ गाड्या, एका हेक्टरला. ज्वारीचे पीक याच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यात येते आणि त्यातलेही बहुतेक पाणी पावसाचेच असते.

पाणी आटले की आरोग्याच्या तक्रारी ठरलेल्या असतात. विहिरीच्या तळाचे गढूळ पाणी, टँकरच्या पाण्याची साठवण, जुलाब, कावीळ, टाकीतल्या साठ्यावर वाढणारे डेंग्यूचे डास आणि कमी पाणी प्याल्याने होणारे मूत्रमार्गाचे आजार. शिवाय एक लिटर मद्यार्कामागे आसवनीतून ८ ते १५ लिटर गडद तपकिरी सांडपाणी बाहेर पडते. त्यावर नीट प्रक्रिया झाली नाही तर आसपासच्या विहिरी नासतात. इंधन स्वच्छ असले तरी ते बनवणाऱ्या गावाचे पाणी स्वच्छ राहीलच असे नाही. कारखाना कुठे होणार आणि सांडपाण्याचे काय करणार, हा प्रश्न म्हणूनच गावाने विचारायचा आहे.

पैसे कवा?

एवढे पाणी पिऊनही शेतकरी ऊस का सोडत नाही? कारण उसामागे कायदा उभा आहे. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाला तर १५ टक्के दराने व्याज. प्रत्यक्षात थकबाकी होतेच, पण भांडायला आधार असतो. केंद्राने ठरवलेला किमान दरही असतो. गोड ज्वारी, मोगली एरंड किंवा बांबू लावणाऱ्याच्या हाती असा आधार नसतो. हाती असतो तो फक्त करारनामा.

करारामागची कंपनीसुद्धा सरकारी धोरणावर अवलंबून असते. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून थेट इथेनॉल करण्यास अचानक बंदी घातली. साखर कमी पडेल अशी भीती होती. काही दिवसांत ती अंशतः शिथिल झाली आणि पुढच्या हंगामासाठी उठली. एका आदेशाने जिथे मोठे कारखाने हादरतात, तिथे तीन एकरवाल्याची काय कथा?

ही अनिश्चितता शरीरावर उतरते. झोप न लागणे, छातीत धडधड, डोके जड होणे, पित्त, भूक मरणे, कशातच मन न लागणे, वाढलेली दारू. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या माणसाचा रक्तदाब मोजला जातो, पण त्याचे कर्ज विचारले जात नाही. मराठवाड्यात एकट्या २०१५ या वर्षात हजारावर शेतकऱ्यांनी जीव दिला. त्यानंतर राज्याच्या आरोग्य खात्याने ‘प्रेरणा’ हा समुपदेशन प्रकल्प सुरू केला. १०४ या क्रमांकावर आणि ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत सल्ला मिळतो. ‘आता जगून काय उपयोग’ असे कोणी म्हणाले तर ते बोलणे थट्टेवारी नेऊ नये, त्याला एकटे सोडू नये आणि सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागात घेऊन जावे.

मोगली एरंडाची आठवण

नव्या करारांबद्दलच्या अविश्वासाला आणखी एक कारण आहे. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडापासून बायोडिझेल करण्याची मोठी योजना मांडली. डिझेलमध्ये २० टक्के मिश्रणासाठी १ कोटी १२ लाख हेक्टरवर लागवड लागेल, असा हिशेब होता. पडीक जमिनीत, पाण्याशिवाय उत्पन्न, असे सांगितले गेले. झाडे जगली, पण पाणी आणि खताशिवाय बिया नगण्य आल्या. तीन-चार वर्षे वाट पाहूनही खरेदीदार न मिळाल्याने अनेकांनी ती उपटली.

बांधावर आणि शाळेच्या कुंपणाला जी उरली, ती मुलांच्या वाट्याला आली. या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात. त्यांत कर्सिन आणि फॉर्बोल एस्टर ही विषारी द्रव्ये असतात. दोन-चार बिया खाल्ल्या तरी काही तासांत उलट्या, पोटदुखी, जुलाब सुरू होतात. खेळताना एका मुलाने खाल्ल्या की सगळा घोळका खातो आणि सरकारी रुग्णालयात एकाच वेळी दहा-वीस मुले येतात. वेळेवर सलाइन मिळाले तर बहुतेक सर्व बरी होतात. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून ओकारी काढू नये. मूल शुद्धीवर असेल तर जलसंजीवनी घोटघोट द्यावी आणि उरलेल्या बिया सोबत घेऊन आरोग्य केंद्र गाठावे.

आता बांबूचे नाव पुढे आले आहे. लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातल्या लोदगा येथून पाशा पटेल यांनी त्याचा आग्रह धरला आहे. वीज केंद्रांनी कोळशात पाच टक्के जैवभार मिसळावा, असे केंद्राचे २०२१चे धोरण सांगते, त्यामुळे मागणी आहे. बांबू विषारी नाही आणि दरवर्षी नांगरट लागत नाही, हे त्याचे गुण. पण पहिले उत्पन्न हाती यायला तीन-चार वर्षे लागतात आणि त्या काळात घर कशावर चालवायचे, हा प्रश्न तोच राहतो.

तयारी कशाने वाढते?

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात संशोधकांनी शेतकऱ्यांपुढे वेगवेगळे करार ठेवून कोणता पत्कराल, असे विचारले. त्यात पिकांचे अवशेष, एका हंगामाची ज्वारी आणि अनेक वर्षे राहणारे गवत असे पर्याय होते. नफा महत्त्वाचा ठरलाच, पण कराराची मुदत, पिकाचा विमा, लागवडीच्या खर्चातला वाटा आणि कापणी कोण करणार, यांचाही निर्णयावर परिणाम झाला. मोठमोठी यंत्रे असलेला तिथला शेतकरी आणि कंधार किंवा अहमदपूरचा तीन एकरवाला यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरी जोखीम कोणाच्या अंगावर पडते, हे दोघेही पाहतात.

म्हणून सही करण्यापूर्वी काही गोष्टी कागदावर आहेत का, हे पाहावे. करारनामा मराठीत आहे का? पैसे किती दिवसांत आणि उशीर झाला तर काय? पाऊस गेला किंवा कारखाना बंद पडला तर नुकसान कोणाचे? तोडणी आणि वाहतूक कोणाकडे, आणि तोडणाऱ्या बायकांना पाणी, सावली आणि स्वच्छतागृह देणार का? चिपाड परत मिळणार का? मुदत एका हंगामाची की पंधरा वर्षांची? आणि घरच्या ज्वारीचा तुकडा कराराबाहेर ठेवला आहे का? सगळी जमीन कोणत्याही एका कराराला बांधू नये. शक्य असेल तर गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत बोलणी करावीत, म्हणजे समोरच्याला उत्तर द्यावे लागते.

या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली तर मराठवाड्यातला शेतकरी नवे पीक घ्यायला मागे राहत नाही. सोयाबीन त्याने कोणाच्या सक्तीशिवाय स्वीकारले. उत्तरे मिळाली नाहीत तर त्याचा नकार हा घर सांभाळणाऱ्या माणसाचा शहाणपणा समजावा. कंपनीने आणि सरकारने करारपत्रातल्या दराच्या रकान्याशेजारी कडबा, भाकरी, पाणी आणि पैसे मिळण्याची तारीख एवढे चार रकाने वाढवावेत. ओसरीवरची बोलणी मग लवकर संपतील.